धोंड्या मी मागून घेतला

ताई,

तू मला फसवलंस. आठ महिने, दर रविवारी, एकाच सोफ्यावर शेजारी बसून फसवलंस, आणि भावोजींनी तुला साथ दिली. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण तू गेल्यापासून मुलुंडच्या घरी जो येतो तो तू किती सरळ होतीस, किती मनमोकळी होतीस हेच सांगत बसतो. मी ऐकून घेते. चहा देते. कप उचलते. मनात म्हणते, तुम्हाला काय माहीत!

आज सोळा दिवस झाले. मी साकीनाक्याचा गाळा परवापासून उघडला आहे. गिऱ्हाईक येतं, बंद पडलेल्या हॉटेलातून उचललेला फ्रीझर बघतं, भट्टी बघतं, इडलीचा कुकर उघडून आत वाकून बघतं, आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतं. एरवी मी त्याला दहा मिनिटं उभा सोलला असता. काल एकाने भट्टीचा भाव निम्म्यावर आणला आणि मी म्हटलं, घेऊन जा. तोच बिचारा घाबरला. भट्टी न घेताच गेला. बरोबर होतं त्याचं. न घासता कोणी देतं तेव्हा मालात काहीतरी बिघडलेलं असतं. ही गोष्ट त्याला कळली, आणि सतरा वर्षं हाच धंदा करणाऱ्या मला तुझ्यासमोर बसून कळली नाही.

माझा धंद्यातला नियम तुला माहीत होता. घासाघीस हवी तेवढी करा, माझ्या आईबापाचा उद्धार सोडून काहीही बोला, पण कॉम्प्रेसर बदललेला असेल तर मी तो बदललाय म्हणून सांगणार. खोट सांगून मग भांडायचं. खोट लपवली तर तो सौदा होत नाही. तू माझ्याशी सौदे केलेस आणि खोट लपवलीस.

आणि गंमत म्हणजे सौदा करायला मला तूच शिकवलंस.

घाटकोपरला चाळीच्या समोर पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. बाबांची गिरणी बंद होऊन ते एका सोसायटीत वॉचमन झाले होते, त्या वर्षीची मे महिन्याची सुट्टी. तू सोळा वर्षांची, मी बारा. पार्लरवाले काका दुपारी जेवायला घरी जायचे आणि चार वाजेपर्यंत झोपायचे. तेवढ्या वेळात शेड झाडायचं, पंखे पुसायचे, मशीनच्या काचा पुसायच्या, हे काम तू धरलंस. मुलींनी त्या शेडमध्ये पाऊल टाकायची पद्धत नव्हती. पण शटर अर्धं खाली असताना आत कोण आहे हे कोण बघतंय? काकांनी तुला सांगून ठेवलं होतं, झाडून झालं की एक मशीन चालू करून बघत जा, बंद तर पडलं नाही ना. तू बघायचीस. रोज दोन तास बघायचीस.

त्या मशीनमधला गेम आपल्या दोघींना फार उशिरा नीट समजला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे मारामारीचे गेम होते, आणि त्या दोघांतले लढवय्ये ज्यांची एरवी कधी गाठ पडली नसती, ते या एका गेममध्ये आणून सोडले होते. तू म्हणालीस, "लग्नाच्या पंगतीसारखं आहे मने. इकडची माणसं तिकडची माणसं, एका रांगेत बसवली आणि आता बघा कोण कोणाच्या पानात हात घालतो." त्यांची इंग्रजी नावं आपल्याला धड वाचता येत नव्हती, म्हणून आपण बारसं केलं. दोन पंखे घेऊन उडणारी ती सुपली. हातातून उजेडाचे गोळे फेकणारा काजवा. गोल फिरवून आपटणारा पैलवान. आणि दगडाच्या अंगाचा, मान नसलेला, हळू चालणारा धोंड्या.

प्रत्येकीने तीन जण निवडायचे. एक पुढे लढणार, दोन मागे थांबणार. पुढच्याला मार बसला की त्याला मागे न्यायचं, मागे तो जरा सावरतो, दुसरा पुढे येतो. शिवाय मागच्याला क्षणभर हाकही मारता यायची. बटण दाबलं की तो धावत येऊन एक फटका मारून परत जायचा. मी सारखं ते बटण दाबायचे. तू ओरडायचीस, "अगं, तू त्याला बोलावलंस की तोही मार खातो! तुझा एक मरत होता, आता दोघं मरतील. विचार करून हाक मारावी." मला ते कधी जमलं नाही. मला अडचण आली की मी हाक मारणारच. आजही तशीच आहे मी.

तू सुपली घ्यायचीस आणि मला धुवायचीस. रोज. एका दुपारी मी मशीनला लाथ मारली. पायाचं नख निघालं. मी रडत सांगितलं, परत खेळणार नाही, तुझ्याकडे सुपली असते. तू माझ्या अंगठ्याला तुझा रुमाल गुंडाळत होतीस, आणि वर न बघता म्हणालीस, "मग माग ना. रडतेस काय? सुपली पाहिजे तर माग. पण फुकट नाही देणार. बदल्यात तुझं काय सोडतेस बोल."

तिथून घासाघीस सुरू झाली. पुढे ती आपली पद्धतच झाली, आणि मला नाही वाटत जगात अजून कोणी तो गेम असा खेळलं असेल. आधी दोघींनी आपापली तीन नावं सांगायची. मग दुसरीच्या तिघांतला एक मागायचा. मागितलेला त्या दिवशी खेळणार नाही, त्याच्या जागी दुसरा घ्यायचा, पण मागणारीनेही आपल्यातला एक सोडायचा. कोणता, यावर भांडण. "सुपली दे, मी पैलवान सोडते." "पैलवान तुला खेळताच येत नाही, तो काय सोडतेस? काजवा सोड." "काजवा गेला तर माझ्याकडे राहिलं काय?" "मग सुपली विसर." दोघी "झालं" म्हणाल्या की मग शब्द बदलायचा नाही. लढाई तीन मिनिटांत संपायची, घासाघीस वीस मिनिटं चालायची. एकदा आई आपल्याला शोधत आली, शटरखालून वाकून तिने आत बघितलं आणि म्हणाली, "गो चेडवांनो, हंय बाजार भरवलात काय? गल्लीच्या टोकाक आवाज येता!"

मी माझा पहिला धंद्याचा सौदा केला तेव्हा बावीस वर्षांची होते. अंधेरीला एक खानावळ मोडत होती, मला त्यांची मोठी कढई हवी होती. मी कढईकडे बघितलंच नाही. टेबलांकडे बघितलं, पंख्यांकडे बघितलं, नाक मुरडलं, आणि निघताना म्हटलं, ती कढई टाकून द्या त्यातच. हे मला कोणी शिकवलं? तू सुपली सोडायची नसली की काजव्यावर जीव असल्यासारखं नाटक करायचीस, तिथे शिकले. माझा गाळा, बोरिवलीचं माझं घर, जे काही मी एकटीने उभं केलं म्हणून लोकांना ऐकवत असते, त्याच्या खाली ती शेड आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू फुशारली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

तुझं लग्न झालं, तू मुलुंडला गेलीस, शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागलीस. वीसेक वर्षं आपण खेळलो नाही. मग एक कॅफे बंद पडला, त्याच्या फ्रीझरबरोबर मला टीव्हीला जोडायचा एक गेमचा बॉक्स आणि दोन कंट्रोलर मिळाले, आणि मी ते विकायला न काढता रिक्षात घालून तुझ्याकडे आले. तू दार उघडलंस. बॉक्स बघितलास. भावोजींना म्हणालीस, "आज स्वयंपाक तुमच्याकडे."

नवा गेम तसाच होता, दोन कंपन्यांची माणसं एकत्र. फक्त माणसं खूप वाढली होती. तू यादीवरून बोट फिरवत गेलीस, परत वरून सुरू केलंस, आणि म्हणालीस, "सुपली नाही." मी टाळ्या वाजवल्या. तुझा चेहरा खरंच पडला होता. मी म्हटलं, एवढे शंभर भरले, एक सुपली घालायला यांचं काय जात होतं? तू म्हणालीस, "यादी करणाऱ्याला कोणाला तरी गाळावं लागतंच गं. सगळ्यांना घेतलं तर गेम चालायचा नाही."

"पण मग ज्याला गाळलं त्याला सांगायचं तरी. आधी विचारायचं."

"सुपलीला विचारणार? फोन करून?"

आपण हसलो. यावर आपलं पुढेही भांडण व्हायचं. कोणाला घेतलं, कोणाला का वगळलं, नवीन आलेल्या त्या काटेरी पोरीची लायकी काय. तुझं मत, यादी करणाऱ्याची काहीतरी अडचण असणार. माझं मत, अडचण असेल तर तोंड उघडून सांगा. ते भांडण संपलेलं नाही ताई. आता तर मुळीच नाही.

पाच वर्षं आपले रविवार चालले. मी गाळा दुपारी बंद करायचे, पवईचा ट्रॅफिक झेलत यायचे, भावोजी पोहे करायचे, आपण भांडायचो. तुझी बोटं तशीच होती. पैलवानाला गोल फिरवायला कंट्रोलरवरची कांडी पूर्ण चक्राकार फिरवावी लागते आणि त्याच झटक्यात बटण. मला आजवर चारातून एकदा जमतं. तुला दरवेळी जमायचं, आणि जमताना तू माझ्याशी शाळेतल्या हेडबाईंच्या कुचाळक्या करत असायचीस.

मग तो रविवार. आठ महिन्यांपूर्वीचा. मी आले तर तू आधीच बसलेली, आणि तुझ्या बाजूला पडद्यावर एक छोटी खूण दिसत होती. सोपे कंट्रोल. नव्या गेममध्ये ती सोय आहे, नवशिक्यांसाठी. कांडी फिरवायची गरज नाही, एक बटण दाबलं की मोठा डाव आपोआप बसतो.

मी म्हटलं, "हे काय? बालवाडीत नाव घातलंस काय?"

"सोय आहे तर वापरते."

"चोरी आहे ही."

"चोरी कशी? कंपनीनेच दिलंय. आणि बघ, सोप्या डावाचा मार कमी बसतो. फुकट नाही मिळत."

"कंपनीच्या नियमात असेल. आपल्या नियमात नाही. मी इथे अंगठे झिजवते आणि तू एका बटणात पैलवान फिरवणार?"

तू उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताने चोळत होतीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "मानेचं आहे. मणके. हाताला मुंग्या येतात जरा, व्यायाम दिलाय." मुंबईत कोणाची मान दुखत नाही? माझीही दुखते. मी तिथेच सोडलं. हाताचा विषय सोडला, कंट्रोलचा नाही. कंट्रोलवर मी अर्धा तास भांडले. मी तोंडाने फार लागट आहे, तुला माहीत आहे. मी म्हटलं, हरायची भीती वाटते तर खेळू नकोस.

शेवटी तू म्हणालीस, "बरं. सौदा कर. सोपे कंट्रोल मी सोडते. बदल्यात धोंड्या कायमचा माझा. तू तो मागायचा नाहीस. कधीच."

मला हसू आलं. धोंड्या! तो कोणालाच नको असतो. हळू चालतो, उडी मारतो ती पोत्यासारखी. कांडी मागे धरून ठेवायची, मनात दोन आकडे मोजायचे, मग पुढे ढकलून एक बटण. एवढंच त्याचं खेळणं. तू असा रद्दी माल मागतेस म्हटल्यावर मी लगेच "झालं" म्हटलं. पोह्याच्या बशीवर हात आपटून म्हटलं. त्या दिवशी जाताना मी पूर्ण रस्ताभर खूश होते.

आता कळतं. कांडी डाव्या हाताने. उजव्या हाताला एकच बटण, तेही दोन आकडे मोजल्यावर, सावकाश. शंभर जणांच्या यादीत तुझ्या हाताला झेपेल असा एकच होता, आणि तो तू शोधून ठेवला होतास. किती दिवस बसून शोधलास? मी नसताना दुपारी एकटी एकेकाला घेऊन बघत होतीस का? कोणाचा डाव कुठे अडकतो, कोणतं बोट कुठे पोचत नाही? सुपली असती तरी तुझ्या काही कामाची उरली नव्हती. तुझी माणसं एकेक करून तुझ्या हातातून जात होती आणि मला वाटत होतं तू म्हातारी झालीस, तुझी आवड बदलली.

तुझा चेहरा सुजला. मी म्हटलं, "शाळेत डबे कोणाचे खातेस? जाड झालीस." तू म्हणालीस, "तुझे नाही खात ना, मग गप बस." ती गोळ्यांची सूज होती. डोक्यात वाढणाऱ्या गाठीभोवतीचा दाब कमी करायच्या गोळ्या. हे मला तुझ्या फाईलमधून कळलं.

आणि मग शेवटचा रविवार. त्या आठवड्यात गेमला नवा अपडेट आला होता. असे अपडेट येतात, कोणाची ताकद जरा वाढवतात, कोणाची उतरवतात. मी सकाळीच फोनवर वाचलं होतं, धोंड्याचा फटका आता आधीपेक्षा जड बसणार. मी तयारीनेच आले. चप्पल काढता काढता म्हटलं, "ताई, सौदा परत होणार. मी सोडला तो जुना धोंड्या. हा नवीन आहे. माल बदलला की भाव बदलतो."

हे मी बोलले. एकदा "झालं" म्हटल्यावर शब्द फिरवायचा नाही, हा सत्तावीस वर्षांचा नियम मीच मोडला, आणि वर धंद्याची भाषा वापरली. तू मला फसवलंस असं सुरुवातीला लिहिलं ते खरं आहे, पण तो शब्द मी मोडला हेही इथे असू दे. ते लपवलं तर मीही खोट लपवणारीच.

मी वाट बघत होते तू भांडशील म्हणून. मला ते हवं होतं. माझ्याकडे चार उत्तरं तयार होती. भावोजी समोर जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते, त्यांचा हात थांबला. तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "घे."

बस. "घे." बदल्यात काही मागितलंही नाहीस.

मी तो शब्द सोळा दिवस ऐकतेय. कोणी गिऱ्हाईक असतं तर मी तिथल्या तिथे कॉलर धरून विचारलं असतं, काय लपवतोस? तुला नाही विचारलं. जिंकल्यासारखं वाटलं म्हणून नाही विचारलं.

तू पैलवान घेतलास. का घेतलास? दुसरा कोणीही घ्यायचास. तो तर हाताने गोल गोल फिरवायचा. पहिल्या डावात तो जागच्या जागी उड्या मारत राहिला, कारण तुझं चक्र अर्ध्यात तुटत होतं आणि गेमला वाटत होतं तू उडी मागतेस. माझा काजवा त्याला दूर उभा राहून मारत होता. मी म्हटलं, "काय गं, पैलवानाला दोरीच्या उड्या शिकवतेस?" दुसऱ्या डावात तसंच. तिसऱ्यात कंट्रोलर तुझ्या हातातून निसटून फरशीवर पडला. मी खो खो हसले. "हाताला लोणी लावलंस काय? थांब, मी थांबते तोपर्यंत, उचल." आणि थांबले नाही. तू वाकायला लागलीस तोवर मी तुझा पैलवान आडवा केला.

भावोजी उठले. मटाराची परात बाजूला ठेवली, कंट्रोलर उचलला, तुझ्या मांडीवर ठेवला, तुझी बोटं एकेक करून त्याच्यावर बसवली. मला वाटलं चेष्टा करताहेत. मग परत जाऊन बसले. पाच शून्य. तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस, डाव्या हाताने, आणि म्हणालीस, "भारी खेळलीस आज."

पाच दिवसांनी तू गेलीस. भावोजींचा फोन आला तेव्हा मी एका कॅन्टीनच्या मालकाशी शेगडीवरून भांडत होते. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तू श्वास घेत होतीस, पण ओळखत नव्हतीस. आई खाली बाकावर बसलेली, तिलाही काही माहीत नव्हतं. नर्सने फाईल माझ्या हातात दिली, वरच्या डॉक्टरकडे न्या म्हणाली. मी जिन्यात बसून ती पहिल्या पानापासून वाचली. सगळ्यात पहिला रिपोर्ट तू सोपे कंट्रोल लावलेस त्या रविवारच्या चार दिवस आधीचा होता. खाली लिहिलं होतं, ऑपरेशन करता येण्यासारखं नाही.

ताई, मी भांडायला शिकले ते काय फ्रीझर विकायला? मी त्या डॉक्टरच्या टेबलावर बसले असते. दुसऱ्याकडे नेलं असतं, तिसऱ्याकडे, परळला, पुण्याला, वेल्लोरला. नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावणं एवढं एकच मला येतं. आणि माझ्या आयुष्यात ज्या एका ठिकाणी ते खरं लागलं असतं, तिथे तू मला उभंच केलं नाहीस. कदाचित काही झालं नसतं. मला माहीत आहे, रिपोर्ट मलाही वाचता येतो. पण हरायचं होतं तर मला हरू द्यायचं होतंस. मी मागे उभी होते. बटण दाबलं असतंस तर धावत आले असते, मार खाल्ला असता. तू विचार केलास, आणि हाक मारली नाहीस.

तेराव्याला सगळे गेल्यावर मी भावोजींना धरलं. ते स्वयंपाकघरात डबे पुसत होते. मी विचारलं, कोणाकोणाला माहीत होतं? त्यांनी बोटावर मोजलं. ते स्वतः. तुझ्या शाळेच्या हेडबाई, रजेसाठी सांगावं लागलं. शेजारच्या काकू, दुपारच्या गोळ्यांसाठी. म्हणजे ज्या हेडबाईंना आपण वर्षानुवर्षं नावं ठेवली त्या यादीत आहेत, आणि मी नाही.

मी म्हटलं, "मला का नाही?"

ते म्हणाले, "मनीषा, तिने मला शपथ घातली होती."

"शपथ घातली हे कळलं. का घातली?"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"घेतलं असतं. मग?"

त्यांनी हातातला डबा फळीवर ठेवला. मग म्हणाले, "सगळे तिच्याशी हळू बोलायला लागले होते गं. मीसुद्धा. शाळेत तिला जिना चढू देत नव्हते. ती म्हणायची, रविवारी मनी येते आणि माझ्याशी नेहमीसारखी भांडते, तेवढे दोन तास मी बरी असते. तिला सांगितलंत तर तीही मला जिंकू देईल."

मी तुझ्यासमोर काही लपवणार नाही, मी तिथेच खाली बसले. ते ऐकून बरं वाटलं. एक क्षण खरंच वाटलं की तुझ्या आजारात मी तुला काहीतरी दिलं. न कळता का होईना, कोणी देत नव्हतं ते दिलं. त्याबद्दल तुझे आभार मानावेत असंही वाटलं. मग घरी आले, आणि रात्रीपर्यंत त्या बरं वाटण्याचा राग यायला लागला. तुझ्या दोन तासांसाठी तू माझं काय घेतलंस हे तुला माहीत नव्हतं का? तू बरी राहिलीस, आणि मी ती बाई झाले जिने मरणाऱ्या बहिणीच्या हातातून शेवटचं चालणारं खेळणं काढून घेतलं आणि वर हसली. हा सौदा माझ्याशी बोलून झाला नाही. मी "झालं" म्हटलेलं नाही.

तुझ्याकडून मला आता काही मिळणार नाही. तू गेलीस, तुझ्यावर कितीही ओरडले तरी तू आपली त्या फोटोत हसतेस. पण भावोजी आहेत. हे लिहून झालं की मी मुलुंडला जाणार आणि हा कागद त्यांच्यासमोर ठेवणार, कारण तोंडाने बोलायला गेले की मी शिव्या देते आणि ते रडतात, आणि दोघांनाही उत्तर मिळत नाही.

भावोजी, शपथेचं मला सांगू नका. ती तिची आणि तुमची. हेडबाई, काकू, डॉक्टर, तेही राहू दे. मला फक्त त्या शेवटच्या रविवारचं सांगा. मी धोंड्या मागितला तेव्हा तुमचा हात थांबला, मी बघितलं. तिला त्याच्याशिवाय कोणाला खेळवता येत नाही हे त्या घरात तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. शपथ न मोडता सांगता आलं असतं. "मनीषा, आज राहू दे" एवढं म्हणायचं. "पोहे गार होतात" म्हणायचं. टीव्हीचं बटण बंद करायचं. तुम्ही कंट्रोलर उचललात, तिची बोटं बसवलीत, आणि उभे राहून माझ्याकडे बघितलंत. मी तेव्हा हसत होते.

तुम्ही मला हसू का दिलंत? उत्तर द्या.